सिस्टिक फायब्रोसिस आणि एचआयव्ही अशा दोन टोकांच्या आजारांवर एकच संशोधक काम कसं काय करतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, की एका शास्त्रज्ञाच्या परिचयात हे दोन्ही आजार एका ओळीत वाचले. एक आईवडिलांकडून येणारा, दुसरा बाहेरून लागणारा, मग हा माणूस नक्की तज्ज्ञ कशातला? आणि अशा लॅबमध्ये काम करणाऱ्यांना एचआयव्ही व्हायची भीती नसते का?

या दोन आजारांच्या मधल्या बोळात मी सहा वर्षं काढली आहेत, म्हणून लिहायला बसले. त्या बोळात एचआयव्ही बहुतेक वेळा आजार म्हणून येतच नाही. तो टेम्पो असतो. आत भरलेला माल सिस्टिक फायब्रोसिसचा.

आधी माल. सीएफटीआर नावाचं जनुक 1989 मध्ये सातव्या गुणसूत्रावर सापडलं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर बसून क्लोराइडची ये-जा सांभाळतं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली, तर फुप्फुसातला कफ डिंकासारखा घट्ट होतो, त्यात जंतू मुक्काम ठोकतात, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि घामात मीठ उतरतं. बाळाचा पापा घेतला की खारट लागतं, असं आया सांगतात. आजही निदानाची मुख्य चाचणी घामाचीच आहे. आपल्याकडे 'हा गोऱ्यांचा आजार' हा समज फार वर्षं राहिला, त्यामुळे वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या कितीतरी मुलांचा घाम कुणी तपासलाच नाही. असो, तो वेगळा विषय आहे.

जनुक सापडल्यावर सगळ्यांना वाटलं, आता चांगली प्रत फुप्फुसात पोचवली की काम फत्ते. 1993 मध्ये अमेरिकेत सर्दीच्या अ‍ॅडिनोव्हायरसमधून ती द्यायला सुरुवातही झाली. पण शरीर त्या व्हायरसला ओळखून होतं, त्यामुळे सूज यायची. शिवाय ते जनुक पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जाऊन बसत नाही, म्हणून परिणाम काही दिवसांत ओसरायचा. दुसऱ्यांदा दिलं की प्रतिकारशक्ती दारातच अडवायची.

इथे एचआयव्ही येतो. माणसाच्या डीएनएत स्वतःची प्रत कायमची शिवून टाकणं हा त्याचा धंदाच आहे. पण ते काम त्याच्या कुळातले इतर व्हायरस, म्हणजे रेट्रोव्हायरसही करतात. एचआयव्हीचं वेगळेपण असं, की विभाजन न होणाऱ्या पेशीच्या केंद्रकातही तो शिरतो. उंदरांमधले जुने रेट्रोव्हायरस पेशी दुभंगायची वाट बघत बसतात, आणि श्वासनलिकेच्या पेशी सहसा दुभंगतच नाहीत. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये लुइजी नाल्दिनी, इंदर वर्मा, दिदिए त्रोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्हीतली आजार करणारी सामग्री काढून टाकली आणि उरलेल्या सांगाड्यातून उंदरांच्या मेंदूतल्या पेशींत जनुक पोचवून दाखवलं. तिथून सिस्टिक फायब्रोसिसवाल्यांचे डोळे चमकले.

आता अडचण, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्टही हीच. एचआयव्हीचा स्वतःचा कोट चढवून चालत नाही, कारण तो ठरावीक रोगप्रतिकारक पेशींनाच चिकटतो. म्हणून सांगाड्यावर दुसऱ्या व्हायरसचा कोट चढवतात. लॅबमध्ये सर्रास वापरतात तो गुरा-घोड्यांच्या तोंडात फोड आणणाऱ्या व्हीएसव्हीचा.

मी जे करायचे ते सांगते. बारा खणांची प्लास्टिकची प्लेट, प्रत्येक खणात बाटलीच्या झाकणाएवढा कप, कपाला तळ म्हणून सूक्ष्म छिद्रांची जाळी. जाळीवर माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी, खाली गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रावण, वर नुसती हवा. तीन-चार आठवड्यांनी पेशींना बारीक केस फुटतात आणि ते हलायला लागतात. मायक्रोस्कोपखाली जात्याभोवती पीठ सांडावं तसा कफ गोल गोल फिरताना दिसतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी शेजारच्या लॅबमधल्यांनाही ओढून आणलं होतं. व्हेक्टरमध्ये, म्हणजे आपल्या टेम्पोत, हिरवं चमकणारं खुणेचं जनुक होतं. मी वरून थेंब सोडला, जसं रुग्ण श्वासातून घेईल तसं. तीन दिवसांनी बघते तर अंधार. इकडेतिकडे दोन-चार हिरवे ठिपके, बाकी काही नाही. मग सिनियरने सांगितल्याप्रमाणे दुसरा कप उलटा केला आणि जाळीच्या खालच्या बाजूने तोच थेंब दिला. तीन दिवसांनी हिरवं रान! व्हेक्टरमध्ये खोट नव्हती. त्या कोटाला हवा असलेला कडी-कोयंडा पेशीच्या मागच्या दाराला होता, आणि फुप्फुसात आपण फक्त पुढच्या दाराशी पोचू शकतो.

हे कोडं माझ्या आधीच लोकांनी हाताळलं होतं. तुम्ही वाचलेला परिचय कुणाचा ते माहीत नाही, पण हे वर्णन चपखल बसेल असे एक संशोधक म्हणजे कॅनडाचे गॅरी कोबिंगर. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हानिया विद्यापीठात जेम्स विल्सन यांच्या लॅबमध्ये असताना, 2001 मध्ये, त्यांनी एचआयव्हीच्या सांगाड्यावर चक्क इबोलाचं आवरण-प्रथिन चढवलं. इबोला नव्हे, फक्त त्याचा कोट. आणि हा कोट पुढच्या दाराने आत शिरला. उंदरांच्या श्वासनलिकेत खुणेचं जनुक दोन महिन्यांनंतरही चालू होतं. एचआयव्हीचं इंजिन, इबोलाचा अंगरखा, आणि पत्ता सिस्टिक फायब्रोसिसच्या फुप्फुसाचा. घरी हे सांगितलं तेव्हा माझ्या आईने चहाचा कप खाली ठेवला होता.

पुढे कोबिंगर विनिपेगच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत गेले आणि त्याच इबोलाच्या मागे लागले. 2014 च्या साथीत गाजलेलं झेडमॅप हे औषध घडवण्यात त्यांच्या गटाचा मोठा वाटा होता. तंबाखूच्या जातीतल्या झाडांच्या पानांत वाढवलेल्या तीन अँटिबॉडीजचं ते मिश्रण. माकडांना लागण होऊन पाच दिवस उलटल्यावर दिलं तरी ती वाचली. त्या अँटिबॉडीज चिकटतात कुठे? इबोलाच्या त्याच आवरण-प्रथिनाला. तेव्हा 'तज्ज्ञ कशातला' याचं माझं उत्तर असं: आजारांची नावं बाजूला ठेवा, हा माणूस दाराचा तज्ज्ञ. आधी ते उघडायचं कसं ते शिकला, मग बंद कसं करायचं ते.

या दोन आजारांना जोडणारा दुसरा, अगदीच व्यवहारी धागाही आहे. आज सिस्टिक फायब्रोसिसच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हर्टेक्स कंपनीने त्याआधी एचआयव्हीवरचं अँप्रेनाविर शोधलं होतं, 1999 मध्ये मंजुरी मिळालेलं. 2019 मध्ये आलेल्या तिच्या तीन औषधांच्या गोळीने हजारो रुग्णांचं आयुष्य पालटलं. पण ही गोळी बिघडलेल्या प्रथिनाची दुरुस्ती करते. ज्यांच्यात प्रथिन बनतच नाही, त्यांना तिचा उपयोग नाही. म्हणून टेम्पोचं काम थांबलेलं नाही. ब्रिटनमधल्या गटांनी एचआयव्हीच्या माकडांतल्या भाऊबंदावर, म्हणजे एसआयव्हीवर, सेंदाई नावाच्या व्हायरसचा कोट चढवून केलेला व्हेक्टर आता रुग्णांवरच्या चाचणीपर्यंत पोचला आहे.

राहिली भीती. एचआयव्हीची नऊ जनुकं असतात. आजच्या व्हेक्टरसाठी त्यांतली तीनच वापरतात, तीही एकत्र नाही तर वेगवेगळ्या प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यांवर) विभागून, आणि ती कारखान्यातच, म्हणजे व्हेक्टर बनवणाऱ्या पेशींतच राहतात. टेम्पोत चढतच नाहीत. त्यामुळे तो एकदा माल उतरवतो आणि संपतो, त्याला पिल्लं होत नाहीत. खरी काळजी वेगळी: माल डीएनएत भलत्या जागी उतरला तर कॅन्सरचं बटण दाबलं जाऊ शकतं. म्हणून दोन ग्लोव्ह्ज, हूड, आणि सुई टोचली तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं, हे नियम आम्ही देवपूजेसारखे पाळायचो.

एक गंमत मात्र आहे. रक्ताच्या कॅन्सरवरची किमराया ही जनुकीय उपचारपद्धती अशाच व्हेक्टरने बनते. ती घेतलेल्या रुग्णाची एचआयव्हीचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण सांगाड्याचे थोडे तुकडे जुळतात. तसा इशाराच माहितीपत्रकात छापलेला आहे.