मास्टर्सचा थिसिस लिहायला प्रस्तावनेपासूनच सुरुवात करायची का?

नाही, प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा, सुरुवात मेथडॉलॉजीपासून, म्हणजे संशोधन कसं केलं ते सांगणाऱ्या चॅप्टरपासून करा. कारण प्रश्नावली किती जणांना दिली, किती परत आल्या, कुठले फॉर्म बाद केले हे आत्ता डोक्यात ताजं असतं, चार महिन्यांनी गाईडने विचारलं की ५२ पैकी ४७च का धरले तर वही धुंडाळत बसाल. आणि प्रस्तावनेत जे कबूल करता ते निष्कर्ष आल्यावर हमखास बदलतं, म्हणजे तीच पानं तीनदा लिहा. दरवर्षी विद्यार्थ्यांचे ड्राफ्ट वाचतो, अडकलेले बहुतेक जण पहिल्या चॅप्टरच्या पहिल्याच परिच्छेदावर अडकलेले असतात. फक्त त्याआधी एका पानावर एवढं लिहून गाईडला दाखवा:

- संशोधनाचा प्रश्न, एकाच वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह हवंच (विषय म्हणजे प्रश्न नव्हे!)
- त्यासाठी लागणारा डेटा, आणि तो खरंच हातात येणारे का
- काय करणार नाही ते

संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) टाकत जा, फुकट आहे. साहित्य किंवा तत्त्वज्ञानाचा थिसिस असेल तर मात्र वेगळी मेथडॉलॉजी फारशी नसते, तिथे ज्यावर नोट्स जास्त आहेत तो मधला चॅप्टर आधी घ्या.