खासगी आणि दौलत

प्रश्न : माझे मेहुणे इंदूरच्या एका वॉर्डाचे पार्षद आहेत. ते मनापासून श्रद्धाळू असून कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी देवासमोर बसतात. राजकारणात उतरल्यावर श्रद्धा घरी ठेवावी, असे माझी मुलगी म्हणते. खरी श्रद्धा सदऱ्यासारखी खुंटीला टांगून कशी जाता येईल, असे मला वाटते. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : श्रद्धा खुंटीला टांगता येत नाही, हे तुमचे म्हणणे मला पटते. अहिल्याबाईंच्या आज्ञापत्रांवर श्रीशंकराचे नाव असे. राज्य त्याचे आणि आपण केवळ कारभारी, या भावनेने त्यांनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्य चालवले. त्याच कारभारातली दुसरी गोष्ट मात्र मला अधिक मोलाची वाटते. होळकरांकडे खासगी (घराण्याची स्वतःची मिळकत) आणि दौलत (राज्याची तिजोरी) असे दोन वेगळे हिशेब होते, आणि काशी, गया, सोमनाथ येथे अहिल्याबाईंनी जी देवकार्ये केली, त्यांचा भार प्रामुख्याने खासगीवर पडला. पुढे १९४७ साली त्याच सोमनाथाच्या पुनर्बांधणीचा विषय निघाला, तेव्हा पैसा लोकांनी द्यावा, सरकारी तिजोरीतून घेऊ नये, असाच आग्रह गांधीजींनी धरला.

तिजोरीला जे लागू, ते शब्दालाही लागू आहे. संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत (जे पुढे आपल्याच होशंगाबादचे खासदार झाले) यांनी उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. दुरुस्तीला विरोध करणारे सदस्य हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप ईश्वरावर नव्हता. इतक्या अंतरंगातल्या बाबतीत सामूहिक मत कोणावर लादू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र ज्याला ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची आहे त्याला ती मोकळीक संविधानाने दिली, आणि ज्याला केवळ प्रतिज्ञा करायची आहे त्यालाही दिली.

तुमच्या मुलीचे म्हणणे इथे बरोबर ठरते. नर्मदा ही माता आहे, म्हणून तिच्यात घाण जाऊ नये, असे मेहुण्यांना आतून वाटत असेल, तर ती त्यांची प्रेरणा आहे आणि ती आदरणीय आहे. परंतु महापालिकेच्या सभेत त्यांनी असे सांगायला हवे की, हेच पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून उचलून आपल्या नळांना येते, कारण हे कारण नर्मदेला माता न मानणारा शेजारीही तपासून पाहू शकतो. ज्या कारणाची छाननी फक्त स्वधर्मीयांनाच करता येते, त्यावर साऱ्या वॉर्डासाठीचा नियम उभा करणे मला अन्यायाचे वाटते. धर्माच्या नावावर मत मागण्याचा प्रश्न तर कायद्यानेच मिटवला आहे : लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार असे मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराच्या धर्माचाही समावेश केला.

मेहुण्यांनी देवासमोर जरूर बसावे. वॉर्डातल्या पुढच्या भूमिपूजनाचा खर्च कोणत्या खात्यात पडणार आहे, एवढे मात्र तुम्ही घरचे माणूस म्हणून त्यांना आधीच विचारा.