सोळा नव्हे, सोला

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

इटलीतल्या बोलोन्याहून पाठवलेली तुझी प्रवासाची एक्सेल शीट मिळाली. ईस्टरच्या सुट्टीत चौदा दिवस, अकरा शहरं, तीन रात्री बसमध्ये झोप, आणि प्रत्येक शहराच्या रकान्याला वेगळा रंग. रंग छान निवडलेत. आर्किटेक्चरची पोरगी शोभतेस. खाली विचारलंयस, "मॅडम, काही राहिलंय का?"

राहिलंय. पण आधी कागदपत्रांचं बघू, कारण ते चुकलं तर बाकीचं बोलणंच फुकट.

पहिलं म्हणजे लंडन खोडून टाक. इटलीच्या व्हिसावर तिथे जाता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो. दुसरं, पोचल्यावर आठ कामाच्या दिवसांत पोस्टातून राहण्याच्या परमिटच्या अर्जाचं किट भरून दिलंस ना? पोस्टाने जी पावती दिली ती जिवापाड जप, पण तिच्या भरवशावर प्राग-बुडापेस्ट करत हिंडू नकोस. पासपोर्टवरचा व्हिसा चालू आहे तोवर इतर शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसाच्या गटातल्या देशांत, कोणत्याही १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं. परमिटचं कार्ड हातात आलं तरी तेच. पण व्हिसाची मुदत संपली, कार्ड आलेलं नाही आणि हातात नुसती पावती, अशा मधल्या काळात इटलीबाहेर पाय ठेवायचा नाही. आपल्याकडची मुलं नेमकी इथेच अडकतात. तारीख आज रात्रीच बघ, उद्यावर ढकलू नकोस.

झालं. आता शीट मिटव आणि माझी एक फजिती ऐक.

२००९ साली मी बोलोन्यात सहा महिने होते. पहिल्या आठवड्यात एकटीच जेवायला एका खाणावळीत शिरले. वेटरने माझ्यामागे दाराकडे बघितलं आणि विचारलं, "सोला?" मला वाटलं, हा विचारतोय सोळा का! मी घाबरून मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं. एक बोट वर करून "वन, वन" म्हटलं. तो हसला आणि मला भिंतीकडेच्या दोघांच्या टेबलावर बसवलं, समोरचा पेला, काटा आणि सुरी उचलून नेली. सोला म्हणजे एकटी. ते समोरचे काटा-सुरी उचलताना होणारा आवाज मला पुढचा महिनाभर टोचायचा. कोल्हापुरात बाई हॉटेलात एकटी जेवायला बसली तर लोक बघतात. तिथे कोणी बघत नव्हतं, तरी माझी नजर पुस्तकातून वर यायची नाही. पुस्तक वाचतही नव्हते म्हणा.

तुझी शीट बघून मला ते पुस्तक आठवलं. अकरा शहरं आखली की एकटं बसायची वेळच येत नाही. गाडी पकड, बॅग टाक, फोटो काढ, पुढची गाडी. राग मानू नकोस, पण ही धावपळ म्हणजे एकटीने केलेली कंडक्टेड टूर आहे.

त्यापेक्षा पहिले दोन महिने बोलोन्यातून सकाळी निघून रात्री परत, एवढंच कर. तू बसली आहेस ते इटलीच्या रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, आपल्या मिरजेसारखं समज, फक्त गाड्या जास्त. मोदेना अर्ध्या तासावर. फेरारा तेवढ्यातच, तिथे आख्खं गाव सायकलवर असतं. पार्मा तासाभरात, राव्हेन्ना सव्वा-दीड तासात. सगळीकडे 'रेजिओनाले' जाते, म्हणजे आपली पॅसेंजर. तिचं तिकीट महिनाभर आधी काढा की आयत्या वेळी, दर तोच. म्हणून सकाळी उठून आभाळ बघायचं आणि मग ठरवायचं. लाल रंगाच्या वेगवान गाड्यांचं तसं नाही. त्या विमानासारख्या, उशीर कराल तेवढ्या महाग.

एक शब्द पाठ करून ठेव: शोपेरो. म्हणजे संप. तिथे तो आधी जाहीर करून होतो आणि बऱ्याचदा शुक्रवारी होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. तेवढं माहीत असलं की माणूस फलाटावर रडत बसत नाही.

मी रडले होते, पण संपामुळे नाही. राव्हेन्नाला निघाले होते. कागदी तिकीट खिशात, आणि फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. लुगोच्या आसपास तपासनीस आला. मी तिकीट दाखवलं. त्याने उलटसुलट केलं आणि दंडाची पावती फाडली. मी इंग्रजीत समजावतेय, तो इटालियनमध्ये समजावतोय, आणि आख्खा डबा ऐकतोय. चूक माझीच होती. पण दंड एवढा की माझा आठवड्याचा भाजीपाला त्यात आला असता. (आता फोनवरच्या तिकिटालाही गाडीत चढायच्या आधी चेक-इन करावं लागतं. शिक्का नसला तरी कटकट आहेच.)

त्या दिवशी मी राव्हेन्नात काय बघितलं? काही नाही. पंधराशे वर्षांपूर्वीची मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं, माझ्या डोक्यावर होती आणि मी मनात युरोला रुपयांनी गुणत होते. कवी दान्तेची समाधी बघितली, तर मनात आलं, बिचारा परागंदा होऊन इथेच गेला, १३२१ साली, याला तरी परतीचं तिकीट लागलं नाही. असलं सगळं कडवट.

तीन आठवड्यांनी परत गेले. हट्टाने. रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लासिदियाची समाधी म्हणतात ती इमारत बाहेरून अगदी साधी, विटांची, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या धर्मशाळेच्या कोठीसारखी. वाकून आत गेलीस की आधी काहीच दिसत नाही. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर दगडाचे पातळ तक्ते आहेत. त्यातून येणारा उजेड मधासारखा, जड. डोळे सरावले की वरचा गडद निळा घुमट दिसायला लागतो, त्यावर सोनेरी चांदण्या, आणि खाली भिंतीवर दोन कबुतरं पाण्याच्या भांड्याच्या काठावर बसलेली. आत जेमतेम काही मिनिटं थांबू देतात. त्यातली निम्मी डोळे सरावण्यातच जातात. पहिल्या खेपेला मी नेमकी तेवढ्यातच बाहेर पडले होते.

म्हणून सांगते, अकरा गावं एकदा करण्यापेक्षा पाच गावं दोनदा कर. दुसऱ्या खेपेला चहाची टपरी, म्हणजे तिथला बार, ओळखीचा झालेला असतो. कॉफी उभ्याने प्यायची हे कळलेलं असतं, बसलं की दर वाढतो. आणि "सोला?" विचारल्यावर "सी, सोला", हो, एकटीच, म्हणताना आवाज बसत नाही.

आता बाईमाणसाचं. तुझ्या आईने मला फोन केला होता, तुला सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगतेय. त्यांना तुझं लोकेशन नको आहे गं, त्यांना रात्री साडेनऊला एक शब्द हवा आहे: पोचले. मार्चअखेर घड्याळं पुढे गेली की तिथे तेव्हा सहा वाजलेले असतात, काही अवघड नाही. हॉस्टेलला बायकांची खोली माग आणि नव्या गावात उजेडी पोच. डब्यात एखाद्या माणसाचं बघणं खटकलं तर कारण शोधत बसायचं नाही. उठायचं, डबा बदलायचा, एखाद्या आजीच्या शेजारी जाऊन बसायचं. उद्धट वाटशील, वाटू दे. आपल्याला लहानपणापासून जे 'बरं दिसत नाही' शिकवलंय ते त्या वेळी खिडकीबाहेर टाकायचं. आणीबाणीला ११२, सगळ्या युरोपियन युनियनमध्ये तोच नंबर. पासपोर्टचा फोटो स्वतःलाच ईमेल करून ठेव. तो हरवलाच तर आपली वकिलात रोममध्ये आहे आणि मिलानमध्येही भारताचं कार्यालय आहे.

भीतीपेक्षा तुला रविवार जास्त छळेल. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी तीन-चारला दुकानांची शटर खाली, घराघरांतून एकत्र जेवणाऱ्या माणसांचे आवाज, आणि आपण रस्त्याकडेच्या त्या छपरी कमानींखालून चालतोय. बोलोन्याच्या कमानी सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात म्हणे, मी रविवारी त्यातल्या बऱ्याचशा मोजल्या असतील. सान लुकाच्या टेकडीवर जाणाऱ्या वाटेला ६६६ कमानी आहेत. रडायला चांगली जागा, वर पोचेपर्यंत रडू संपतं. आणि फारच झालं तर रेजियो एमिलियाजवळ नोव्हेलाराला जा. तिथे गुरुद्वारा आहे, २००० साली झालेला. पार्मेझान चीज ज्या गाईंच्या दुधाचं होतं त्या गाईंचं बघायला त्या पट्ट्यात पंजाबी माणसं येऊन राहिलीत. लंगरमध्ये डाळ वाढतात आणि "सोला?" कोणी विचारत नाही.

फोटो काढ, पण एक वही घे. त्यात थोर काही लिहायचं नाही. गाडी किती वाजता सुटली, काय खाल्लं, किती पैसे गेले, कोण बोललं. का म्हणशील तर बोलोन्याच्या स्टेशनवर जा. रोज जातेस, माहितीय, पण बाहेरच्या भिंतीवरचं ते घड्याळ बघ, दहा पंचविसावर थांबवून ठेवलेलं. २ ऑगस्ट १९८० ला तिथल्या दुसऱ्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये बॉम्ब फुटला. ८५ माणसं गेली. भिंतीला पडलेलं भगदाड काच लावून तसंच ठेवलंय, शेजारी नावं कोरलीत, नावापुढे वय. त्यात एक जपानी नाव आहे, वय २०. शिकायला इटलीत आलेला मुलगा. त्याची रोजनिशी मागे राहिली. शेवटची नोंद त्याच स्टेशनवरची: व्हेनिसला जायचं ठरवलंय, खाण्याचा डबा घेतलाय. बस, असंच साधंसुधं. मला तो मुलगा त्या दगडातल्या नावापेक्षा त्या डब्यामुळे लक्षात राहिला.

आणि फ्लॉरेन्सला जाशील तेव्हा उफ्फिझी संग्रहालयाच्या रांगेत लागायच्या आधी एक काम कर. आर्नो नदीच्या कडेने पश्चिमेला काशिने नावाचं लांबलचक उद्यान आहे. नावात काशी आहे, पण तो योगायोग, अर्थ गुरांच्या वाड्या असा काहीतरी. त्याच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे समाधीवर बांधतात तशा एका छत्रीखाली आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. १८७० साली ते विलायतेला गेले होते. परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारपणाने वारले, ३० नोव्हेंबरला. वय वीस. तिथे तेव्हा दहनाची पद्धत नव्हती, मुद्दाम परवानगी काढून त्या संगमावर दहन केलं. पंचगंगेच्या घाटावर ज्यांची समाधी व्हायची त्यांची आर्नोच्या काठावर झाली. तू आर्किटेक्चरची म्हणून सांगते, त्या छत्रीत मेजर मँटचा हात आहे, आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला तोच. पुढे शेजारी जो मोठा पूल झाला त्यालाही लोक 'इंडियानो' म्हणूनच ओळखतात.

त्यांनीही त्या प्रवासात रोजनिशी लिहिली होती, इंग्रजीत. ते गेल्यावर १८७२ मध्ये छापली. आज कुठे गेलो, कोणाला भेटलो, काय बघितलं. राजा होते, सोबत लवाजमा होता, 'सोला' नव्हते ते. पण वाचताना एक विशीतला मुलगाच दिसतो, घरापासून फार लांब आलेला.

तिथे सकाळीच जा, उद्यानाचा तो भाग संध्याकाळी सुनसान होतो. आणि वहीत लिही की त्या संगमावर आता पाणी किती आहे. मी गेले तेव्हा मुन्योने जेमतेम पायाच्या घोट्याएवढी होती, आणि बाकावर एक आजोबा कुत्र्याला पाव भरवत बसले होते. त्यांनी मला विचारलं, इंडियाना? मी म्हटलं, सी. मग पुतळ्याकडे बोट करून मी जे काय इटालियन बोलले ते त्यांना कळलं नसणार, पण त्यांनी टोपी काढली.

तुझी,
मॅडम

ता. क. पियादीना नावाची पोळी मिळेल, अगदी आपल्या घडीच्या पोळीची चुलत बहीण. पण पारंपरिक पियादीनात डुकराची चरबी असते. तुझ्या आईची माळ आहे म्हणून सांगते, "सेन्त्सा स्त्रुत्तो" म्हणायचं, म्हणजे चरबीशिवाय, तेलातली. आणि व्हिसाची तारीख बघितलीस का?