प्रागला पहिल्यांदा जाताय?

चार्ल्स पूल उजाडता उजाडताच गाठा. दिवस वर आला की तिथे मुंगी शिरायला जागा नसते. १३५७ साली चौथ्या चार्ल्सने बांधायला घेतलेला हा पूल निवांत बघण्यासारखा आहे. पुलावरच्या संत नेपोमुकच्या पुतळ्याखालची ब्राँझची पाटी बघाच, लोकांनी हात लावून लावून ती नेमकी तेवढ्याच जागी सोन्यासारखी चकाकते.

किल्ल्यावर २२ नंबरच्या ट्रामने जा, चढ वाचतो. कागदी तिकीट असेल तर चढल्याबरोबर मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये डावीकडची चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी चुकवू नका, माझी सगळ्यात आवडती! आणि बूट जाड तळव्याचेच घ्या, रस्ते दगडी आहेत.