बोकड बदलला, तरी करडांचं वजन का वाढत नाही?

प्रश्न: माझ्याकडे 20 उस्मानाबादी शेळ्या आहेत. गेल्या वर्षी बोअर संकराचा बोकड आणला. तरी करडं चार महिन्यांची झाली तेव्हा जेमतेम 8 किलोची भरली. खोट रक्तात आहे की खाण्यात? (एक शेळीपालक, ता. तुळजापूर)

उत्तर: आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब करू. उस्मानाबादी करडू जन्मतः सव्वादोन-अडीच किलोचं असतं. 120 दिवसांत ते 8 किलोवर गेलं, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅमसुद्धा वाढ नाही. चांगल्या सांभाळात निव्वळ उस्मानाबादी करडूही यापेक्षा जास्त वाढतं. तेव्हा खोट आधी खाण्यात शोधा.

बोअर ही दक्षिण आफ्रिकेतली, मांसासाठीच घडवलेली जात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती 1990 च्या दशकात आपल्याकडे आणली. तिचं करडू झपाट्याने वाढतं हे खरं, पण ते खातंही तितकंच. तुमच्याकडे तोंड मोठं आलं, ताट मात्र होतं तेवढंच राहिलं.

पहिले दोन महिने करडाचं ताट म्हणजे आईची कास. त्याची तयारी शेळी व्यायच्या आधी करावी लागते. पोटातल्या करडाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते आणि नेमकं तेव्हाच आपण गाभण शेळीला इतरांबरोबर माळावर हाकतो. या काळात तिला रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक वेगळा द्या. करडं केव्हा जन्मली तेही आठवून पाहा. डिसेंबरात फळलेली शेळी मे महिन्यात व्याते. रानात तेव्हा काडी नसते, मग दूध कुठून येणार?

व्यायल्यावर तासाभरात करडाला चीक पाजाच. वार (नाळेबरोबरचा झार) पडायची वाट पाहत बसू नका. पंधराव्या दिवसापासून करडांसाठी कोपऱ्यात असं कुंपण घाला की त्यांना आत जाता येईल, शेळ्यांना नाही. आत भरडा ठेवा: मक्याचा भरडा 45 भाग, शेंगदाणा पेंड 30, गव्हाचा कोंडा 22, क्षार मिश्रण 2, मीठ 1. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती उकिरड्यावर टाका, करडांना घालू नका. जोडीला शेवरी, हादगा, तुरीचं भूस द्या. सुबाभूळ चालते, पण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. जंतनाशक आणि लसींचं वेळापत्रक दवाखान्यातून घ्या. फिकट पापणीचं करडू कितीही खाल्लं तरी भरत नाही. पापणीचा आतला भाग फिकट पडला असेल तर जंतांनी रक्त शोषलेलं असतं.

आता रक्ताबद्दल. इथे सगळ्यांत मोठी चूक बाजारात होते. कळपातला सर्वांत तजेलदार बोकड बकरी ईदला आधी विकला जातो, कारण पैसे त्याचेच चांगले येतात. मागे राहिलेला किरकोळ बोकड पुढच्या वर्षी 20 शेळ्या फळवतो. असं पाच-सहा वर्षं चाललं की जातच खुजी झाली म्हणून आपण ओरडतो, पण निवड आपणच उलटी केलेली असते. वाढीचा गुण बापाकडून पिल्लात बऱ्यापैकी उतरतो. म्हणून जुळ्यातला, चांगल्या दुधाच्या आईचा आणि चार महिन्यांना सर्वांत भारी भरलेला एक बोकड राखून ठेवा. विकायचा मोह होणार, तरीही. तो स्वतःच्या कळपात दोन वर्षांपुढे वापरू नका, नाहीतर त्याच्याच पाठी, म्हणजे तरुण लेकी, माजावर येतील. दुसऱ्या गावच्या पालकाशी अदलाबदल करा.

तुलना करताना एक सांभाळा. एकटं करडू 12 किलोचं आणि जुळ्यातलं 9 चं भरलं म्हणून जुळं हलक्या रक्ताचं ठरत नाही, त्याने दूध वाटून घेतलेलं असतं. जुळ्यांच्या आईने तुम्हाला 18 किलो दिले, दुसरीने 12. उस्मानाबादीची खरी कमाई या जुळ्यांत आहे, म्हणून सगळा कळप बोअर करायच्या नादाला मी तरी लागणार नाही. पहिलारू, लहान चणीच्या पाठीला तर बोअर दाखवूच नका. करडू मोठं असल्याने ती विताना अडते.

ताणकाटा घ्या, कानात बिल्ले मारा, जन्माला आणि मग दर महिन्याला वजन लिहा. पुढच्या वेताला निम्म्या शेळ्यांना वर सांगितलेला खुराक द्या, निम्म्यांना तुमच्या नेहमीच्या पद्धतीने ठेवा, बोकड मात्र दोन्हीकडे तोच. मग वजनात पडलेला फरक खाण्याचा आहे का, ते कळेल.

आणि ईदच्या तोंडावर वजन चढवायला एकदम मका ओतू नका. पोट आंबून किंवा आंत्रविषाराने (आतड्यात विष तयार होऊन) रात्रीत बोकड जातो. खुराक आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवा. पाणी भरपूर ठेवा, नुसत्या धान्यावरच्या बोकडांना मुतखडा होतो. बोकड लघवीला कुंथताना दिसला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.