उत्तर बरोबर, रीत चुकलेली

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेरोव्स्काइट सौरघटात वापरल्या जाणाऱ्या मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचा ऊर्जाभेद (इलेक्ट्रॉनांनी भरलेला संयुजा पट्ट आणि त्यावरचा रिकामा संवहन पट्ट यांतील ऊर्जेचे अंतर) मी संगणकावर डीएफटी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून गुणधर्म काढण्याच्या) पद्धतीने काढला. तो १.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ आला आणि प्रयोगातही तेवढाच मिळतो. तरीही माझे मार्गदर्शक हा आकडा मान्य करीत नाहीत. असे का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मार्गदर्शकांचे म्हणणे रास्त आहे. हीच पद्धत सिलिकॉनवर वापरून पाहा. प्रत्यक्षातील १.१ ऐवजी जेमतेम ०.६ हाती येईल, कारण डीएफटीतील नेहमीची फलने, म्हणजे इलेक्ट्रॉनांची परस्पर आंतरक्रिया अंदाजे धरणारी सूत्रे, ऊर्जाभेद मुळातच कमी दाखवतात. मग तीच पद्धत शिशाच्या संयुगात एवढी अचूक कशी ठरली? शिशाचा अणुक्रमांक ८२ आहे आणि इतक्या जड अणूत इलेक्ट्रॉनच्या स्पिनची (त्याच्या अंगभूत फिरकीची) त्याच्या कक्षीय गतीशी होणारी आंतरक्रिया सोडून देता येत नाही. संवहन पट्टाचा तळ मुख्यतः शिशाच्या ६पी या बाहेरच्या कक्षकांचा बनलेला असल्यामुळे ही आंतरक्रिया त्याला सुमारे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली ओढते. बहुधा ती तुमच्या गणनेत धरलेली नाही. म्हणजे एका चुकीने भेद जेवढा घटला, जवळजवळ तेवढाच दुसरीने वाढवला. शाळेत अशा गणिताला रीतीचे गुण मिळत नसत! आंतरक्रिया धरून गणना पुन्हा केलीत, तर आकडा बराच खाली घसरेल. तो योग्य कारणाने वर आणायचा, तर इलेक्ट्रॉनांची परस्पर आंतरक्रिया अधिक नेमकी धरणारी जीडब्ल्यूसारखी, संगणकाला महागडी पडणारी पद्धत लागते.

पट्टांची प्रत्यक्ष जागा प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटावरून कळते. हेलियम दिव्याच्या २१.२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रकाशाने पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची गतिज ऊर्जा मोजली जाते. मात्र या पदार्थात संयुजा पट्टाच्या माथ्याजवळ अवस्था विरळ असतात, त्यामुळे साध्या आलेखावर माथा खऱ्यापेक्षा खोल भासतो. तोच आलेख लॉगरिदमी अक्षावर काढला की या विरळ अवस्थांची शेपटी दिसू लागते. शिवाय मिळणारे इलेक्ट्रॉन पृष्ठभागालगतच्या काही नॅनोमीटरमधलेच असतात, आणि अणूच्या आतल्या कक्षकांतील इलेक्ट्रॉन काढण्यासाठी दिव्याऐवजी क्ष-किरण वापरले, तर त्यांच्या माऱ्याने तो थर मोजता मोजताच बिघडू शकतो. त्या वर्णपटात शिशाच्या ४एफ या आतल्या कक्षकाच्या शिखराशेजारी, १३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट बंधन ऊर्जेच्या आसपास, लहानसा उंचवटा दिसला तर ते बिघाडातून सुटलेले धातुरूप शिसे समजावे; अशा वेळी जागा बदलून किंवा नवा नमुना घेऊन मोजणी पुन्हा करावी.