वाचकांचे प्रश्न: निळ्या कॅनरीचे गाणे

प्रश्न: 'दे माइट बी जायंट्स' या अमेरिकन जोडगोळीचे 'बर्डहाउस इन युअर सोल' हे गाणे मी तरुणपणापासून ऐकत आलो आहे. माझा एक जिवलग मित्र समुद्रात बुडून गेला आणि त्यानंतरच्या कित्येक रात्री मी याच गाण्याच्या सोबतीने काढल्या. माझ्यावर लक्ष ठेवणारा कोणी तरी, आत्म्यात केलेले छोटेसे घरकुल, जहाजांचा आणि किंकाळ्यांचा उल्लेख, हे सारे त्याच्याविषयीच आहे असे मला वाटत असे. अलीकडे एका परिचिताने हसत सांगितले की, हे गाणे भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचलेल्या रात्रीच्या दिव्याविषयी आहे. तेव्हापासून गाणे लावले की मला फक्त दिवा दिसतो. इतकी वर्षे मी चुकीचेच ऐकत होतो का?

उत्तर: आपल्या परिचितांचे म्हणणे खरे आहे, आणि ते गुळमुळीतपणे मांडून आपली समजूत काढण्यात अर्थ नाही. 1990 साली 'फ्लड' या अल्बममध्ये आलेल्या या गाण्यात बोलतो तो निळ्या कॅनरी पक्ष्याच्या आकाराचा, दिव्याच्या बटणाशेजारी बसवलेला एक लहानसा दिवाच आहे. समोरच्या भिंतीवरच्या चित्रात त्याला आपला आदिम पूर्वज दिसतो. हा पूर्वज म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर उभा राहून जहाजांना वाचवणारा दीपस्तंभ. त्याच्याविषयी दिव्याला आदर आहे, मात्र ते काम आपल्यावर सोपवले असते तर ग्रीक पुराणातला जेसन आणि त्याचे असंख्य साथीदार आपल्या हातून बुडाले असते आणि आपली नोकरी गेली असती, अशी कबुली तो देतो. तेव्हा आपल्याला मित्राच्या अपघाताची आठवण करून देणाऱ्या त्या किंकाळ्या मुळात एका दिव्याने स्वतःच्याच क्षुद्रपणावर केलेला विनोद आहेत. अर्थाचा एवढा भाग आपल्याला सोडून द्यावा लागेल, आणि तो सोडताना त्रास होईल याची मला जाणीव आहे.

बाकीच्या भागाविषयी मात्र मी आपल्या परिचितांशी सहमत नाही. 'गाणे दिव्याविषयी आहे' असे म्हणून हसणारा माणूस एवढे विसरतो की हा दिवा कोणाशी तरी बोलतो आहे. मी तुझा एकमेव मित्र आहे, एकमेव नाही, खरे तर मित्रच नाही, पण आहे, अशा आशयाची उलटसुलट वाक्ये तो जवळजवळ एका दमात म्हणून टाकतो. हे ऐकणारा माणूस त्याच खोलीत अंधारात पडलेला आहे, आणि गाण्यात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. आपण ज्या जागी पडून हे गाणे ऐकत होता ती जागा त्याचीच होती. गाणारा कोण हे ओळखण्यात आपली चूक झाली, पण गाणे कोणाला उद्देशून आहे हे आपल्याला बरोबर कळले होते. प्लगच्या बाहेर पाऊलही टाकता न येणारी वस्तू 'तुझ्या आत मला जागा करून दे' अशी विनवणी करते, तेव्हा तो दिवा आहे हे ठाऊक असल्याने विनवणी काही हलकी होत नाही. निदान मला तरी ती अधिकच बिकट वाटते.

हा दिवा म्हणजे देव, अंतरात्मा किंवा हरवलेले बालपण, असे सांगणारेही भेटतात. माझा त्यांच्याशीही वाद आहे. दिवा दिवाच राहिला तरच या गाण्याची गंमत टिकते. तो स्वतःच्या नावातला प्रकाशवाचक 'लाइट' (light) हा शब्द जाहिरातीतल्या 'lite' अशा सवंग स्पेलिंगने सांगतो. आपली कहाणी अनंत आहे हे पटवण्यासाठी त्याला उपमा सुचते ती लॉन्जीन या घड्याळांच्या कंपनीने पुरस्कृत केलेल्या जुन्या रेडिओ कार्यक्रमाची, आणि आपल्या रात्रभराच्या जागरणासाठी तो शब्द वापरतो अमेरिकी सेनेटमध्ये विधेयक अडवून धरणाऱ्या लांबलचक भाषणांचा. असल्या भंगारातून उचललेल्या भाषेत कोणी मनापासून माया करू लागले की हसावे की गहिवरावे हे कळत नाही. या जोडगोळीतले जॉन लिनेल यांनी चाल आधी बांधली होती आणि शब्द तिच्यात नंतर बसवले, ही गोष्टही इथे लक्षात घ्यावी. ध्रुवपदाकडे वळताना पट्टी बदलते आणि सूर एकदम वर उचलला जातो, तो भाग शब्दांच्या आधीपासूनच तिथे होता. आपल्याला त्या रात्री धीर दिला तो बहुधा त्यानेच, आणि त्याला दिव्याची वा मित्राची कोणतीच ओळख लागत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. लिनेल आणि त्यांचे जोडीदार जॉन फ्लान्सबर्ग 1980च्या दशकात ब्रुकलिनमध्ये एक अजब उद्योग करीत असत. टेलिफोनला जोडलेल्या उत्तरयंत्रावर ते आपली गाणी भरून ठेवत, आणि तो क्रमांक फिरवणाऱ्याला एक गाणे ऐकू येई. एका वेळी एकच माणूस, कानाला लावलेला रिसीव्हर आणि पलीकडे माणसाच्या आवाजात बोलणारे यंत्र. ज्यांनी असे यंत्र वर्षानुवर्षे चालवले, त्यांना एका माणसासाठी जागणारा दिवा सुचला यात मला नवल वाटत नाही.

दिवा दिसत राहील, तो आता जाणार नाही. काही दिवस गाणे बाजूला ठेवून पुन्हा लावून पाहावे, आणि त्या वेळी खोलीत अंधार असावा.

प्रश्न: वरीलच गाणे मी ज्यांना ज्यांना ऐकवते त्यांना ते पोरकट वाटते. त्यांना ते कसे पटवून द्यावे?

उत्तर: पटवू नये. या जोडीने पुढे खरोखरच लहान मुलांसाठी अल्बम केले आणि त्यांतल्या एकाला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला, त्यामुळे हा आरोप अगदीच निराधार नाही. शिवाय लिनेल यांचा काहीसा नाकातला आवाज आणि धावती, आनंदी चाल यांमुळे पहिल्या ऐकण्यात शब्द निसटूनच जातात. तरीही 1990 साली हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते, तेव्हा ते आवडणाऱ्या आपण एकट्या नाही. ऐकवण्यापूर्वी दिव्याची हकिकत सांगू नये आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू नये, कारण अशा नजरेखाली कोणालाच गाणे नीट ऐकू येत नाही. फारच वाटले तर त्याच अल्बममधले इस्तंबूलच्या नामांतरावरचे गाणे आधी लावावे. ते मुळात 1953 साली 'द फोर लॅड्स' यांनी गायलेले असून या जोडीने ते भलत्याच वेगाने म्हटले आहे. त्यावर ज्याचा पाय ठेका धरील, त्याला दुसऱ्या दिवशी कॅनरी ऐकवावी.